बॉनेटखालचं ओलं धोतर

रविवार, ११ एप्रिल. सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

हजर: मी. नाना, म्हणजे माझे सासरे. हमीदभाई मिस्त्री. गाडी.

हजर, पण वर गॅलरीत, हातात चहाचा कप: विवेक, माझा नवरा.

ही नोंद नव्व्याण्णव सालची. वही अजून माझ्याकडे आहे. मी तेव्हा हडपसरला एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कामाला होते. कुठलंही काम सुरू करताना आधी तारीख, मग हजर माणसं, मग माल, असं लिहायची सवय हाताला लागली होती. गाडी मालात धरायची की माणसांत, यावर त्या सकाळी मी थोडी अडखळले असणार. कारण ‘गाडी’ हा शब्द आधी खाली लिहून, खोडून, मग वर घेतलेला दिसतो.

एप्रिल तापायला लागला की ती वही हाताशी येतेच. बिबवेवाडीच्या चढावरचं डांबर मऊ होतं, कुणाच्या तरी गच्चीवर कुरडया वाळत पडतात, आणि दुपारी पार्किंगमध्ये जाऊन गाडीचं दार उघडलं की तापलेल्या रेक्झिनचा, जुन्या पेट्रोलचा आणि थोडा नानांच्या तपकिरीचा वास एकदम अंगावर येतो. नाना जाऊन पाच वर्षं झाली. तपकीर कुठल्या शिवणीत अडकून बसली आहे ठाऊक नाही. ती काढायच्या भानगडीत मी पडलेले नाही.

गाडीबद्दल सांगायला हवं. एके काळी आपल्या रस्त्यांवर मुख्यतः दोनच आकार दिसायचे, एक गोलमटोल आणि एक चौकोनी. आमची चौकोनी. क्रीम रंगाची, स्टीअरिंगलाच गियरचा दांडा असलेली. नानांनी नोंदणी केली तेव्हा विवेक बालवाडीत होता, गाडी दारात आली तेव्हा चौथीत. इतकी वर्षं वाट पाहून आलेल्या वस्तूकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो. हे विवेकला कधी कळलं नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. तो ज्या सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता तिथे वाट बघणं हा कमीपणा समजला जाई. फोन केला की कर्ज मंजूर, सही केली की गाडी. त्याची नवी छोटी पांढरी गाडी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणार होती. आणि सोसायटीत एका फ्लॅटला पार्किंग एकच.

त्यावरून मार्चमध्ये जेवणाच्या टेबलावर जे झालं, ते असं.

“नाना, चालते की नाही हा वादच नको,” विवेक म्हणाला. “एप्रिल-मेचे आठ रविवार घ्या. दर रविवारी मांजरीला आत्याकडे जायचं आणि यायचं. एकदाही ढकलायची नाही, मला फोन करून बोलवायचं नाही. जमलं तर नवी गाडी मी रस्त्यावर लावतो. नाही जमलं तर ही द्यायची.”

“कुणाला द्यायची?” नानांनी विचारलं.

“भंगारवाल्याला, नाना. म्युझियमवाले काही खाली रांग लावून उभे नाहीत.”

नानांनी आमटीचा भुरका घेतला आणि म्हणाले, “मान्य.”

नानांचा एक डोळा काचबिंदूने गेला होता आणि दुसऱ्याचा भरवसा नव्हता. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी गाडी चालवणं स्वतःहून सोडलं होतं. म्हणजे हे आठ रविवार गाडी चालवणार कोण, तर मी. मला मात्र कुणी विचारलं नाही. मी पोळ्या वाढत होते.

मग मी यादी केली. चिडले की मी यादीच करते.

डिकीत: स्टेपनी, जॅक, पाना, चाकाला लावायला दोन विटा, पाण्याचे दोन कॅन, दोरखंड. पत्र्याच्या डब्यात: फॅन बेल्ट, दोन प्लग, पॉइंटचा एक सेट, कंडेन्सर, फ्यूज, बल्ब, वायरचं भेंडोळं, चिकटपट्टी, पक्कड, पॉलिश पेपर. खाऊच्या डब्यात: अंग धुवायच्या साबणाची वडी आणि हळद. हसू नका. पेट्रोलची टाकी बारीक पाझरायला लागली तर तिथे ओला साबण चोळून दाबायचा, घरी पोचेपर्यंत धरतो. रेडिएटरला बारीक भोक पडलं तर पाण्यात दोन चमचे हळद, ती जाऊन भोकात बसते. कायमचा इलाज नव्हे. पण रस्त्यात माणसाला कायमचा इलाज नको असतो, घर हवं असतं.

आणि शेवटी, नानांच्या आग्रहावरून, त्यांचं एक जुनं धोतर. चार तुकडे करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

“फडकी आहेत की घरात,” मी म्हटलं.

“फडक्यात नायलॉन असतं. ते पाणी धरत नाही. हे चाळीस वर्षं धुतलेलं सूत आहे, सुनंदा. याच्याइतकं गार काही नाही.”

ते कशासाठी, हे मला तिसऱ्या रविवारी कळलं.

त्या उन्हाळ्यातल्या सकाळी आठवतात त्या अशा. हमीदभाईंनी पहिल्या दिवशी गाडी नीट तपासून दिली आणि जाताना मला म्हणाले, “बहनजी, गाडी को कुछ नहीं हुआ है. इसको रोज़ कोई पूछे, बस.” त्यानंतर रोज विचारपूस करणारी मी. सहा वाजता खाली. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघायचं. गरम असताना त्या झाकणाला हात लावला तर हात जातो. तेलाची पट्टी ओढून, पुसून, परत घालून, परत ओढून बघायची. पहिल्यांदा ओढलेल्या पट्टीवर कधी विश्वास ठेवायचा नाही. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ द्यायची नाही, कारण जुन्या टाकीच्या तळाशी वीस वर्षांचा गाळ असतो. आणि गरज असो-नसो, गाडी आठवड्यातून दोनदा फिरवायची. उभी गाडी जितक्या लवकर म्हातारी होते तितकी चालती होत नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी फिरायला निघताना थांबत. “वहिनी, पार्किंगमध्ये तेलाचे डाग पडतात.”

“खाली पत्रा ठेवलाय. बघा, डाग पत्र्यावर आहेत.”

“तरी पण. नव्या गाड्यांना असलं काही लागत नाही. मेंटेनन्स-फ्री असतात.”

“म्हणजे मालकाने बॉनेट उघडायचं नाही, असंच ना?” मी म्हटलं. “मग तिला मालक तरी कशाला हवा?”

ते फिरायला गेले. त्यानंतर ते दुसऱ्या गेटने जायला लागले.

तिसऱ्या रविवारी परतताना हडपसरच्या भर बाजारात गाडी शांतपणे बंद पडली. खडखड नाही, धूर नाही. झोप लागावी तशी. भर बाराचं ऊन. मागे एक बस, तिच्या मागे ट्रक, आणि सगळे हॉर्न माझ्या मानेवर.

“वाफ धरली,” नाना म्हणाले. “पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली. आता इंजिनपर्यंत पेट्रोल पोचत नाहीये. धोतर काढ.”

मी बॉनेट उघडलं, धोतराचा तुकडा कॅनमधल्या पाण्यात बुडवला आणि नाना आतून सांगत होते तिथे, इंजिनच्या बाजूला असलेल्या त्या मुठीएवढ्या पंपावर गुंडाळला. चर्र झालं. दुसरा तुकडा. मग तिसरा. एका नव्या गाडीतल्या गृहस्थांनी काच जेमतेम चार बोटं खाली केली. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून असेल.

“काका, धक्का मारू का?”

नाना घामाने निथळत होते. म्हणाले, “नको. जपून ठेवा. तुमच्या गाडीला लागेल तेव्हा वापरा.”

दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. मी मोठमोठ्याने हसत होते. पुढे कोपऱ्यावर थांबून आम्ही उसाचा रस प्यायलो, दोघांनी दोन-दोन ग्लास, आलं-लिंबू घालून. नाना ग्लास कपाळाला लावून म्हणाले, “हिला वाटलं, तू घाबरशील.” ‘हिला’ म्हणजे गाडीला.

पाचव्या रविवारी मात्र माझी खोड मोडली. मांजरी फाट्याच्या अलीकडे पुढचं चाक बसलं. मी अगदी तयारीत. नानांना रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसवलं, मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक लावला, चाक उतरवलं, स्टेपनी चढवली. जॅक खाली घेतला, आणि स्टेपनीही बसली. पार रस्त्याला चिकटली.

मी वही काढली. दर रविवारी, न चुकता: ‘स्टेपनी – आहे’ आणि पुढे बरोबरची खूण. पाच रविवार, पाच खुणा. होतीच ती. हवा होती की नाही, हे कुठल्या खान्यात लिहायचंच नव्हतं.

ते चाक परत काढून मी अर्धा किलोमीटर हाताने ढकलत पंक्चरवाल्याकडे नेलं. पदर कमरेला खोचून. पंक्चरवाला साठीचा, विडी ओढत बसलेला. त्याने चाक बोटाने दाबलं.

“पंक्चर न्हाय ताई. नुसती हवा न्हाय. कवापासनं बघितली न्हाय हवा?”

“दर रविवारी बघते.”

“मंग नुसती तोंडवळखच हाय म्हना की.”

त्या माणसाने मला स्टोअर्सच्या पंधरा वर्षांत कुणी शिकवलं नाही ते शिकवलं. त्या दिवसापासून माझ्या याद्यांना दोन खाने आहेत: ‘आहे’ आणि ‘चालतं’. घरातल्या औषधांनाही. बॅटऱ्यांनाही. पायाने मारायचा हवेचा पंपही दुसऱ्याच दिवशी डिकीत आला, आणि त्याने मी आधी सायकलच्या दोन चाकांत हवा भरून बघितली.

योगायोग असा की त्याच महिन्यात आमच्या कारखान्यात सल्लागार आले होते. टाय लावलेले, नम्र, भराभर चालणारे. त्यांच्याकडे लाल चिकटपट्ट्या होत्या. जो माल दोन वर्षांत हलला नाही त्याच्या खणावर लाल पट्टी, आणि महिनाअखेर तो माल भंगारात. एका खणात जुन्या पंपांच्या पितळी झडपा होत्या. त्यांनी पट्टी लावली. मी काढली. त्यांनी परत लावली. मी सांगितलं, हे पंप अजून तीन तालुक्यांतल्या विहिरींवर चालू आहेत, झडप गेली तर ती माणसं आपल्याकडेच येणार. ते म्हणाले, मॅडम, दोन वर्षांत कुणी आलं का? मी म्हटलं, झडप चांगली केली असेल तर कसं येईल कुणी? ते हसले. त्यांच्या कागदावर चांगल्या झडपेसाठी खाना नव्हता. झडपा शेवटी गेल्याच. तिथे मी हरले. बसमधून घरी येताना मी खिडकीबाहेर बघत ठरवून टाकलं होतं, की या उन्हाळ्यात एकदाच हरायचं.

मांजरीला नानांची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो. पंचाहत्तरीच्या, उन्हाने करपलेल्या, उसाच्या फडाला लागून घर. गाडीचा आवाज आला की ओसरीवरूनच विचारायच्या, “आलास व्हय रं? अन् गाडी हाय का जित्ती?” नाना उतरून त्यांच्या पायांना हात लावायचे. सत्तरीचा माणूस कुणाचा तरी धाकटा भाऊ झालेला बघायला मला फार आवडायचं. त्यासाठीसुद्धा गाडी चालायला हवी होती. बस बदलत जाणं त्यांच्या डोळ्यांना जमणारं नव्हतं, आणि विवेकला रविवारीही काम असायचं. गाडी गेली असती तर नानांना आक्काही दुरावल्या असत्या, इतकं ते सरळ होतं. कुणी ते बोलत नव्हतं.

सात रविवार झाले. आठवा, ३० मे.

आक्कांकडे आमरस होता. जेवण झाल्यावर नाना म्हणाले, “चावी दे गं. जरा गाडीत बसतो.” मी दिली. थोड्या वेळाने ओसरीवरून बघितलं, तर ते चिंचेखाली उभ्या गाडीत बसले होते. त्यांच्या जागेवर. दोन वर्षांत त्या जागेवर ते बसले नव्हते. दोन्ही हात स्टीअरिंगवर, मान किंचित पुढे, समोर उसाकडे तोंड. मी भांडी घासायला आत गेले.

चार वाजता निघताना मी चावी फिरवली तर नुसतं टक् झालं. परत टक्. मग तेही नाही.

नाना शेजारी बसले होते. म्हणाले, “चावी चालू राहिली माझ्याकडून. लाल दिवा लागलेला बघत बसलो होतो. बॅटरी उतरली.”

 आक्कांचा मुलगा म्हणाला, ट्रॅक्टरची बॅटरी लावली असती, पर ट्रॅक्टर लोणीला गेलाय. मग नानांनीच दार उघडलं, खाली उतरले आणि म्हणाले, “ढकला.”

त्यांनी सांगितलं म्हणून ढकलली. आक्कांचा मुलगा, शेजारचे दोघे, आणि मागे आक्का. “व्हा बाजूला आक्का,” असं तो म्हणत होता आणि त्या म्हणत होत्या, “हाय तेवढा जोर लावतीया, तुझं काय जातंय?” आरशात मला दिसलं, नानांनीही डिकीवर हात ठेवला होता. दुसरा गियर, क्लच सोडला, एक झटका, आणि गाडी सुरू. बांधापर्यंत जाऊन मी थांबले. नाना धुळीतून चालत आले आणि बसले. 

विवेक टेबलावर नव्या गाडीचे कागद घेऊन बसला होता. “काय? झाला आठवा रविवार?”

मी ‘झाला’ म्हटलं असतं तर संपलं असतं. मांजरीहून कोण सांगायला येणार होतं? पण नाना माझ्याआधी बोलले.

“ढकलावी लागली.” आणि त्यांनी चावी टेबलावर ठेवली.

का ढकलावी लागली, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही. ते सांगितलं असतं तर गाडी सुटली असती आणि नाना अडकले असते. चावी चालू ठेवून तासभर गाडीत बसून राहिलेला म्हातारा म्हणून.

विवेकलाही ते जड गेलं. तो कागद सारखे करत म्हणाला, “ठीक आहे, नाना. ठरलंच होतं आपलं.”

मी चावी उचलली.

“गाडी जाणार नाही, विवेक.”

“सुनंदा, ठरलं होतं. तुझ्याच वहीत अटी लिहिल्यात.”

“हो. आणि गाडी अटीत बसली नाही. तरी ती जाणार नाही.”

“हे काय लॉजिक झालं?”

“लॉजिक नाही. नकार आहे.”

नाना म्हणाले, “सुनंदा, मी शब्द दिला होता.”

“तुम्ही दिलात, नाना. तुम्ही पाळलात. चावी ठेवलीत टेबलावर. मी शब्द दिला नव्हता. गाडी मी चालवायची होती आणि मला कुणी विचारलं नव्हतं.”

मग मी वही उघडली आणि त्या दोघांच्या देखत लिहिलं: ‘३० मे. अट मोडली. मोडणार: सुनंदा.’ खाली सही केली. आयुष्यात मी एकही पावती चुकीची फाडलेली नाही, एकही बिल मुदतीनंतर भरलेलं नाही. अट समजून-उमजून मोडण्याची ती माझी पहिली वेळ, आणि अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं.

विवेक दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “निदान पार्किंगमध्ये नवी लावू दे.” मी म्हटलं, “नवी मेंटेनन्स-फ्री आहे. तिला रस्ता चालतो.” तो हसला. हसल्यावर त्याला परत रागावता आलं नाही. त्यानंतर आमच्याकडे दोन नव्या गाड्या येऊन गेल्या आणि तिसरी खाली रस्त्यावर उभी आहे, कावळ्यांच्या मेहेरबानीखाली.

लोकांना वाटतं मला जुन्याचा उमाळा आहे. नाही. मिक्सर जळला की मी टाकते, पत्रं साठवत नाही, साड्या दर दिवाळीला देऊन टाकते. राग येतो तो एवढ्याचाच, की ज्यांना एखादी गोष्ट काढून टाकायची घाई असते तेच तिची परीक्षाही घेतात आणि पास-नापासही तेच ठरवतात. आठ रविवार कुणी ठरवले? सात का नाही? धक्का लागल्याशिवाय चालणारं कुणी या घरात, या शहरात आहे का? आमच्या समोरच्या टेकडीवर आता काचेच्या इमारती दिसतात. त्यांतल्या कितींना मागून कुणी ढकललं ते मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही.

त्या जूनपासून नानांनी एक काम मनावर घेतलं. संध्याकाळचा चहा झाला की हाक यायची, “सुनंदा, वही आण.” आणि ते आवाज सांगायचे. डोळे गेल्यापासून गाडी त्यांना कानानेच कळत होती. मी तीन खाने आखले: आवाज, कारण, उपाय. एक: चढावर किणकिण, टायमिंग पुढे गेलंय, मागे घ्यावं. दोन: पहिल्या गियरला गुरगुर, जन्मापासून आहे, लक्ष देऊ नये. तीन: थंडीत सकाळी शीळ, बेल्ट सैल, ताणावा. असे तेरा झाले. चौदावा त्यांनी सांगितला: पुढे डावीकडे टकटक, गाडी सावकाश असताना, फक्त उन्हाळ्यात.

“कारण?” मी पेन धरून विचारलं.

“ते असं बसून नाही सांगता येणार. पुढच्या उन्हाळ्यात आवाज आला की दाखवतो.”

पुढच्या उन्हाळ्यात आमचा कारखाना बंद व्हायच्या गडबडीत मी होते. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नानांना ऐकू कमी यायला लागलं होतं, आणि ते मान्य करायला ते तयार नव्हते. मी विचारलं की म्हणायचे, “आवाज येतोय कुठे?” येत होता. 

यंदाही आला आहे. गेल्या सोमवारपासून, गंगाधामच्या उतारावर, दुसऱ्या गियरमध्ये. चाकाची टोपी काढून बघितली, नाही. बेअरिंगला ग्रीस भरलं, नाही. ब्रेकचे लायनर, शॉकॲब्सॉर्बरचे रबर, नाही. हमीदभाई गावी गेले ते परतले नाहीत. नवीन गॅरेजवाल्याकडे नेली, त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “मॅडम, जुनी गाडी आहे. आवाज येणारच.”

“येणारच तो दोन नंबरचा,” मी म्हटलं. “हा चौदा नंबरचा आहे.”

त्याला कळलं नाही. समजावत बसले नाही, गाडी घेऊन घरी आले. चौदाव्या ओळीतले शेवटचे दोन खाने कोरे आहेत. रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, डावं चाक पुन्हा उतरवायचं आहे.